अकरा पायऱ्यांचं साहित्य केंद्र

माझी आत्या माणसं आवाजावरून ओळखते. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत आणि त्याची तिला लाजही वाटत नाही. रस्त्यात कोणी हसून "ओळखलंत का?" म्हणालं की ती सरळ सांगते, "जरा फोनवर बोलल्यासारखं बोला बघू." समोरचा गोंधळतो, "हॅलो" म्हणतो, आणि आत्या लगेच सुरू होते, "अरे, तुम्ही होय! वॉकरचं रबर बदललंत का?"

ह्याचं मूळ तिच्या नोकरीत आहे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ती तक्रारींच्या फोनवर बसायची. सव्वीस वर्षं शहराने तिला नळाला पाणी नाही म्हणून यथेच्छ झापलं, आणि तिने प्रत्येकाला "नोंद केली आहे" असं गोड आवाजात सांगितलं. मग काका, म्हणजे आत्याचे यजमान, दिवा बदलताना स्टुलावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. शेजाऱ्यांनी साहित्य केंद्रातून कुबड्या आणून दिल्या. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, असं आजारपणात लागणारं सगळं तिथे फुकट वापरायला मिळतं, काम झालं की परत द्यायचं. काका बरे झाले, आत्या कुबड्या परत द्यायला गेली. तिथे फोन वाजत होता आणि उचलायला कोणी नव्हतं. तिने तो उचलला. ह्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. "कुबड्या परत करायला गेलीय, येईलच इतक्यात," असं काका अजूनही पाहुण्यांना सांगतात.

मी तिचा भाचा. माझा छापखाना आहे, आणि ह्या नात्याची शिक्षा म्हणून केंद्राची सगळी छपाई मी करतो. पैशांचा विषय काढला की आत्याला नेमकं त्याच वेळी कमी ऐकू येतं.

केंद्राची कार्डं मी छापतो. वस्तू, पत्ता-फोन, नेणारा आणि वापरणाऱ्याशी त्याचं नातं, असे चार रकाने. ही कार्डं आत्या नावाप्रमाणे लावत नाही, गल्ली आणि घराप्रमाणे लावते, कारण तिच्या मते वस्तू माणसाकडे जात नाही, घरात जाते. सासूबाईंसाठी नेलेला वॉकर महिन्याने सासरे वापरतात आणि सहा महिन्यांनी त्याच्यावर टॉवेल वाळत असतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी ती प्रत्येक घरी फोन करते. फोन ठरलेला असतो. "साहित्य केंद्रातून बोलतेय. वस्तू नीट आहे ना? कोण वापरतंय?" एवढ्यावर सुरू झालेलं बोलणं झोप, भूक आणि सुनेचा स्वभाव असं करत करत अर्ध्या तासाने संपतं. मात्र कार्ड हातात असल्याशिवाय तिला फोनवर एक शब्द बोलता येत नाही. पुढे जो घोटाळा झाला तो ह्याच सवयीने केला.

मी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्याही छापतो. वर 'पुढच्यासाठी' एवढाच शब्द, खाली कोरी जागा. वस्तू परत करताना वापरणाऱ्याने तिच्याबद्दल जे कळलं ते लिहायचं आणि चिठ्ठी वस्तूलाच बांधायची, ही केंद्राची जुनी पद्धत. कोणी लिहितं, 'डावं रबर लवकर झिजतं.' कोणी लिहितं, 'डॉक्टर सांगतील त्यापेक्षा दहा पावलं जास्त चाला, सांगू नका.' एका काठीवर आहे, 'ही माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ऐकते.' जुन्या खुर्च्यांना तर अशा वीस-वीस चिठ्ठ्या लटकत असतात.

आता मुख्य विनोद. हे केंद्र एका इमारतीच्या तळघरात होतं आणि खाली जायला अकरा पायऱ्या होत्या. पायऱ्या अरुंद, मध्ये एक वळण. ज्याला धड चालता येतं तोच तिथे पोचणार. त्यामुळे मुलगे, सुना, भाऊ, ड्रायव्हर येऊन वस्तू नेत, आणि ज्याच्यासाठी ती असे तो घरी असे. आत्याने शेकडो व्हीलचेअर दिल्या, पण खुर्चीत बसलेलं एकही माणूस कधी तिच्या टेबलापर्यंत आलं नव्हतं. मला ती एकदा म्हणाली होती, "सगळ्यांचे आवाज पाठ आहेत रे. पण मी कोणालाच बघितलं नाही." एरवी खळखळून हसणारी बाई. तेवढं वाक्य ती हळू बोलली होती.

आणि एक दिवस घरमालकाने कळवलं, इमारत विकतोय, सहा महिन्यांत जागा मोकळी करा. केंद्राचे अध्यक्ष, ज्यांना सगळे दातवाले डॉक्टर म्हणतात, त्यांनी साहित्य तीन वेगवेगळ्या गोदामांत ठेवायचा विचार बोलून दाखवला. आत्या म्हणाली, "म्हणजे बंदच करायचं की." समोरच्या बाजूला सायकलचं दुकान होतं. सायकली ढकलत आत न्याव्या लागतात म्हणून त्याला पायरी नव्हतीच, रस्त्यावरून थेट आत. म्हातारा सायकलवाला दुकान विकून मुलीकडे राहायला जाणार होता. तो म्हणाला, "सहा महिने तुमच्यासाठी थांबतो. त्यापुढे मला थांबता येणार नाही."

त्या दुकानाच्या किमतीएवढी रक्कम केंद्राने जन्मात पाहिली नव्हती. डॉक्टरांनी मग एका मुलीला बोलावलं. एका शाळेच्या इमारतीसाठी आणि एका प्राण्यांच्या दवाखान्यासाठी तिने निधी उभा करून दिला होता. ती आली तीच बगलेत तक्त्यांच्या गुंडाळ्या घेऊन, म्हणून आत्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव तक्तेवाली ठेवलं. तिलाही ते आवडलं, निदान तिने तसं दाखवलं.

तक्तेवालीने भिंतीवर एक त्रिकोण लावला. वर एकच घर, सगळ्यात मोठ्या देणगीचं. त्याखाली दोन, त्याखाली पाच, आणि तळाला बारीक बारीक असंख्य घरं. "आधी वरची घरं भरायची," ती म्हणाली. "अर्ध्याहून जास्त रक्कम कबूल होईपर्यंत बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. लोक रिकाम्या भांड्यात पैसे टाकत नाहीत. अर्धं भरलेलं दिसलं की टाकतात."

"गुपचूप पैसे मागायचे आणि मग गाजावाजा करून मागायचे," आत्या म्हणाली. "मागायचे ते मागायचेच ना?"

"मागायचं नाही, आत्या. बोलवायचं, दाखवायचं, आणि मग त्यांना विचारू द्यायचं." तीही आत्याच म्हणायला लागली होती.

पहिलं भांडण फोटोवरून झालं. माहितीपत्रकावर खिडकीशी एकटी बसलेली केविलवाणी आजी हवी, असं तक्तेवालीचं म्हणणं. आत्या उसळली. "अगं, माझ्याकडे येणाऱ्या माणसाला बरं व्हायचंय. त्याचं रडकं तोंड तू छापलंस, तर बरा झाल्यावर तो ह्या रस्त्याने जाईल का?" मी मधे पडलो नाही. मी छापणारा माणूस, मला दोन्हीचा कागद तेवढाच लागतो. पण दुसऱ्या दिवशी तक्तेवाली खुर्च्यांच्या रांगेत मांडी घालून बसली आणि चिठ्ठ्या वाचत सुटली. दुपारी ती माझ्याकडे आली, डोळे लाल आणि तोंडावर हसू. "हेच छापायचं," ती म्हणाली. "ह्या चिठ्ठ्याच छापायच्या. फोटो नको." ती कबूल करायला कचरली नाही, म्हणून मला पोरगी आवडली.

तिने शहरातल्या चाळीस जणांना विचारून पाहिलं होतं की साहित्य केंद्र म्हटलं की काय आठवतं. तीस जण म्हणाले, त्या फोनवाल्या बाई. तेव्हा वरच्या घरांतल्या बारा जणांना चहाला बोलवायचे फोन आत्यानेच करायचे ठरले. तक्तेवालीने काय बोलायचं ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मी पत्रकाचं प्रूफ घेऊन तिथेच होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

आत्याने यादीतले पत्ते बघून सवयीप्रमाणे खणातून कार्डं शोधली. पहिल्या दोघांची निघाली नाहीत. तेव्हा तिने कोरं कार्ड हातात धरून कागद वाचून दाखवला, आगगाडीची घोषणा करावी तसा. तरी दोघांनी येतो म्हणून सांगितलं. तिसरं नाव बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकाचं होतं. त्रिकोणातलं वरचं एकुलतं एक घर त्यांच्यासाठी राखून ठेवलेलं. आत्याने पत्ता पाहिला, खणात हात घातला आणि एक पिवळं पडलेलं कार्ड बाहेर आलं. चौदा नंबरची व्हीलचेअर. नेणारा, ड्रायव्हर. कोपऱ्यात आत्याचं अक्षर, 'आजोबा, गमत्या स्वभाव.' आणि खाली, 'फोन बंद. तीनदा माणूस पाठवला. साहेब बाहेरगावी.'

तिचा चेहरा असा उजळला की मला कळायला हवं होतं. पण तोवर फोन उचलला गेला होता.

"साहित्य केंद्रातून बोलतेय," आत्या म्हणाली. "चौदा नंबरची खुर्ची तुमच्याकडेच आहे ना? नीट आहे ना? कोण वापरतंय?"

तक्तेवाली हातातला कागद तिच्या नाकासमोर नाचवायला लागली. आत्याला दिसेल तर शपथ.

"सात वर्षं झाली हो," ती आनंदाने बोलतच होती. "तुमचा नंबरच सापडत नव्हता. आजोबा कसे आहेत?"

 पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आम्हा तिघांनाही ऐकू आला.

तक्तेवालीने कपाळावर हात मारून घेतला. "त्यांच्याकडे आपण अर्धं दुकान मागणार होतो, आणि तुम्ही खुर्ची परत मागितलीत!" कारखान्याच्या मालकाला वस्तू लाटल्यासारखं सुनावलं, आता तो कसला येतोय, वरचं घर गेलं म्हणजे त्रिकोणच गेला, असं ती भडाभडा बोलत राहिली.  शेवटी आत्या म्हणाली, "मी मागितली नाही गं. विचारलं फक्त." आणि कार्ड खणात ठेवून उरलेली यादी तिने तक्तेवालीच्या हातात दिली. दोन दिवस दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत होत्या. काकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की घरीही तिचा आवाज बंद आहे. एकोणीस वर्षांचं काम आपल्या तोंडाने बुडालं, हे तिच्या मनाने घेतलं होतं. मला तिची अशी दया आली की मी पत्रकं वर शंभर जास्त छापून दिली, न सांगता.

चहाचा दिवस उजाडला. पाहुण्यांना त्या अकरा पायऱ्या उतरायला लावायच्याच, हा तक्तेवालीचा हट्ट होता. बारापैकी सात जण आले. तळघरात साध्या खुर्च्या तीनच, त्यामुळे बाकीचे व्हीलचेअरवर बसले. एका सराफांना तर कमोडच्या खुर्चीवर बसवलं होतं. वर उशी ठेवली होती म्हणून ते सुखात होते, आणि आम्ही कोणी त्यांना काही बोललो नाही. डॉक्टरांचं भाषण चालू होतं. आत्या आपल्या टेबलामागे पाहुण्यांना दिसणार नाही अशी बसली होती.

तेवढ्यात जिन्यावर धप् आवाज झाला. मग परत धप्. कोणीतरी काहीतरी जड एकेक पायरी खाली आणत होतं. वळणावर ते अडकलं, कोणीतरी वैतागून पुटपुटलं, आणि मग चांगल्या कपड्यांतले, घामाघूम झालेले एक पन्नाशीचे गृहस्थ व्हीलचेअर पोटाशी धरून आत आले. बरोबर ड्रायव्हर नव्हता.

"चौदा नंबर," ते म्हणाले. "फोनवाल्या बाई कोण?"

आवाज ऐकूनच आत्या उभी राहिली.

"कोण वापरतंय विचारलंत," बिस्किटवाले म्हणाले. "कोणी नाही. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. खुर्ची माळ्यावर टाकली होती, बघवत नव्हती म्हणून. त्या दिवशी तुम्ही 'आजोबा कसे आहेत' म्हणालात. पाच वर्षांत कोणी त्यांची चौकशी केली नव्हती. मला बोलताच येईना, म्हणून मी फोन ठेवला. माफ करा."

आत्याने "अरेरे" एवढंच म्हटलं. त्यांनी खुर्चीच्या मागच्या पिशवीतून एक पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून तिला दिली. माझ्याच छापखान्यातली, कडा पिवळ्या झालेल्या. थरथरत्या हाताने लिहिलं होतं, 'डावा ब्रेक सैल आहे. बाकी खुर्ची झकास. फोनवाल्या बाईंचं टेबल बघायचं राहिलं, मधे अकरा पायऱ्या आहेत.'

"ते दर खेपेला म्हणायचे," आत्या म्हणाली, "एकदा येतो तुमचं टेबल बघायला. मीच सांगायचे, आजोबा, येऊ नका, पायऱ्या आहेत." आणि ती सगळ्यांसमोर रडली. लपवलं वगैरे काही नाही, पदराने नाक पुसत चांगली मोठ्याने रडली. सराफही रडायला लागले. डॉक्टरांचं भाषण राहिलं ते राहिलंच.

बिस्किटवाल्यांनी भिंतीवरच्या त्रिकोणाकडे पाहिलं. "हे वरचं घर कोणाचं?" त्यांनी विचारलं.

 तक्तेवाली इतके दिवस 'त्यांना विचारू द्यायचं' म्हणून सांगत होती, आणि विचारलं तेव्हा हिची बोलती बंद. शेवटी मीच म्हटलं, "रिकामं आहे."

"मग माझं समजा. पाटीवर नाव नको. फक्त ही खुर्ची परत माळ्यावर जाऊ देऊ नका, लवकर कोणाकडे तरी पाठवा." मग त्यांची नजर बशीकडे गेली. "आणि पुढच्या वेळी बिस्किटं तरी माझी आणा. ही त्या दुसऱ्यांची आहेत."

पुढे गाजावाजा करून मागायचा टप्पा आला. तक्तेवालीने चौकातल्या भिंतीवर लावायला एक जिना काढला होता, पैसे जमतील तसा वर वर चढत जाणारा. आत्याला कंठ फुटलेला होताच. "आम्हाला पायऱ्या नकोयत म्हणून एवढा खटाटोप, आणि तू चढवतेस?" तक्तेवालीने तक्ता उलटा केला. मी अकरा पायऱ्यांचा मोठा जिना पुठ्ठ्यावर छापून दिला. पैसे जमतील तशी एकेक पायरी काढून टाकायची. आजूबाजूला चिठ्ठ्या. लोक थांबून चिठ्ठ्या वाचायचे, हसायचे आणि किती पायऱ्या उरल्या ते बघायचे. आत्याने कार्डांचा पूर्ण खण फोनवर संपवला. माळ्यांवरून वस्तू खाली उतरल्या, आणि वस्तूबरोबर बहुतेक जण पाकीटही आणायचे.

शेवटची पायरी मात्र हलेना. मुदतीला चार दिवस उरले तरी ती आपली भिंतीवर. आत्या रोज जाताना तिच्याकडे रागाने बघायची. पाच मजले चढून आल्यासारखा दम लागायचा तिला. तेव्हा सायकलवाला स्वतः रस्ता ओलांडून आला, पाना हातात होता, त्याने पुठ्ठ्याची ती पायरी उचकटली आणि बगलेत मारली. "एवढं मी सोडलं," तो म्हणाला. "माझ्या दुकानाला पायरी कधी नव्हती. आता तुमच्या पायी लावून घेऊ की काय?"

नवीन जागेत आत्याने सुताराकडून टेबल तेवढं बुटकं करून घेतलं. का, ते विचारायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी सकाळपासून ती नवी साडी नेसून दाराकडे बघत बसली होती. माणसं आली, सराफ आले, बिस्किटवाल्यांनी डबे पाठवले, पण सगळे दोन पायांवर. दुपारी ती जराशी हिरमुसली, आणि कार्डांत डोकं घालून बसली.

तशी चाकांची कुरकुर झाली. एक तिशीतली बाई दोन्ही हातांनी खुर्ची हाकत थेट टेबलापर्यंत आली. बरोबर कोणी नव्हतं.

"कुबड्यांची जोडी मिळेल का?" तिने विचारलं. "डॉक्टर म्हणालेत, आता उभं राहायचं."

आत्या एवढी गांगरली की मान वर न करता सवयीचंच बोलली. "मिळेल. पत्ता सांगा. कोण वापरणार?"

"मी."

आत्याचं पेन थांबलं. एकोणीस वर्षांत त्या रकान्यात सासू, सासरे, आई, भाऊ, सगळी नाती भरून झाली होती. तिने वर पाहिलं, त्या बाईचा चेहरा नीट, सावकाश पाहिला, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'स्वतः'.

"आणखी एक काम होतं," बाई जरा ओशाळून म्हणाली. तिने खुर्चीच्या दांड्याला बांधलेल्या चिठ्ठ्यांतली एक पुढे धरली. पिवळ्या कडांची. मी वाकून नंबर पाहिला, चौदा होता. "भावाने खुर्ची आणली, तुमचे फोनही तोच घेतो. मी मात्र ही तेव्हापासून रोज वाचतेय. हे आजोबा लिहितात, टेबल बघायचं राहिलं. म्हटलं, मी जातेच आहे, तर खुर्चीला दाखवून आणते."

 आत्याने कार्डं, पेनं, फोन, बिस्किटांचा डबा, सगळा पसारा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि टेबल मोकळं केलं.